एकही खुंटी न ठोकता

एखादी जागा तिथे काहीच नाही म्हणून आवडते. मग तिथे लग्न करायचं म्हणजे नेमकं काय काय घेऊन जायचं? ह्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. ‘निसर्गात छोटेखानी लग्न कसं करावं’ असं शोधत जे इथवर आले असतील, त्यांना इथूनच परत फिरायची सोय असावी.

मी बारामतीची. घरातली पहिली पदवीधर, आणि तीही पर्यावरणशास्त्रातली, त्यामुळे घरात माझं सगळे ऐकून घेतात. ऐकत नाहीत, ऐकून घेतात. ह्या हिवाळ्यात एकदा जेवताना मी जाहीर केलं की माझा आणि इरफानचा निकाह शेळगावच्या पुढे, वनखात्यानं राखलेल्या गवताळ माळावर होईल. डीजे नाही, स्टेज नाही, प्लास्टिकची फुलं नाहीत. मोजकी माणसं आणि वर आभाळ.

“आणि मंडप?” अम्मीनं विचारलं.

“मंडपही नाही.”

अब्बांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

अब्बा मंडपवाले आहेत. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कितीतरी लग्नांवर त्यांचं कापड ताणलेलं असतं आणि त्याच कापडावर माझी पदवी उभी आहे. म्हणजे हलवायाच्या पोरीनं भर दुकानात उभं राहून साखर वाईट असते असं सांगावं, तसलाच हा प्रकार. पण मी तत्त्वाची. अम्मीच्या भाषेत, हट्टी.

वनखात्याच्या कार्यालयात मी आधीच विचारलं होतं. तिथल्या साहेबांनी फोनवर अगदी सभ्यपणे सांगितलं, “समारंभाला परवानगी नाही. सफारीला जरूर या.” प्रत्यक्ष जागा पाहिली की काहीतरी मार्ग निघेल, असं मला वाटत होतं. असला आशावाद मला पदवीबरोबर फुकट मिळाला आहे.

रविवारी उजाडता उजाडता अब्बांच्या जुन्या क्रूझरमधून आम्ही तिघं निघालो. ही क्रूझर एरवी मंडपाचे कामगार वाहते, त्यामुळे आत सुतळीचा आणि ताडपत्रीचा वास कायमचा. बारामती-इंदापूर रस्ता आता चांगला रुंद झाला आहे. दोन दोन ट्रॉल्या उसाचा एकेक ट्रॅक्टर मधोमध चालतो, म्हणजे एवढी रुंदी त्याला पुरते. ओव्हरटेक करायच्या भानगडीत पडू नका. मागे राहा, गाणी ऐका, आयुष्याचा विचार करा. वाटेत जंक्शन नावाचं गाव लागतं, तिथे चहा आणि गरम भजी घ्या, पुढे माळापर्यंत पोटाची सोय नाही. आणि त्या माळाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर पुढच्या रविवारी तिथे चिंकाऱ्यांपेक्षा प्री-वेडिंगचे फोटोग्राफर जास्त दिसायचे.

शेळगावात इरफान मोटरसायकल लावून उभा होता. तो लोणी देवकरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. लग्न कुठे करायचं यावर त्याचं मत विचारलं तर तो म्हणतो, “सुट्टी मिळेल तिथे.” तोही क्रूझरमध्ये बसला.

फाटकावर आमचे वाटाडे भेटले, नाना. जवळच्याच वाडीचे, अब्बांच्या ओळखीचे. प्रवेशाचे आणि वाटाड्याचे मिळून पैसे चौघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढे होतात, तेव्हा कुरकुर करू नका. नानांनी नियम सांगितले. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, आत काही खायचं नाही. मी मनात म्हटलं, हे नियम बारामतीतल्या प्रत्येक मंगल कार्यालयाच्या दारावर लावायला हवेत.

नानांनी क्रूझरचं मागचं दार उघडून पाहिलं. आत एक हातभर लोखंडी खुंटी आणि घण.

“बशीरभाई, हे काय?”

“काय न्हाय. जमीन कसली हाय ती बघावी म्हटलं.”

“हितं खुटी ठोकायची न्हाय.”

“एक?”

“अर्धी बी न्हाय.”

अब्बांनी खुंटी आणि घण फाटकाबाहेर बाभळीखाली ठेवले. चपला काढून ठेवाव्यात तसे, अगदी शेजारी शेजारी.

आत गेल्यावर मात्र मी थोडा वेळ उपरोध बाजूला ठेवते. गवत कंबरेएवढं, वाळून पिवळंधमक झालेलं, आणि वारा आला की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचा. पाच-सहा चिंकारे आमच्याकडे बघत उभे होते. दूरवर एक खोकड, कोल्ह्याचं धाकटं भावंड, आपल्या कामाला निघालं होतं. ना खांब, ना तार, ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. “अल्ला, किती मोकळं!” अम्मी हळूच म्हणाली.

अब्बा खिडकीतून बघत होते. पण ते माळ बघत नव्हते. डोळा बारीक करून ते लांबी-रुंदी काढत होते.

“त्या चढावर स्टेज. वारं पश्चिमेचं, म्हंजे कनात ह्या बाजूनं. जेवनाचा मंडप खाली. गवत तेवढं काढावं लागंल.”

“अब्बा, गवतासाठीच तर आलोय ना आपण!”

“मग पाव्हणं काय गवतात बसणार हायेत? ते काय चिंकारं हायेत व्हय?”

नाना खुदकन हसले. अब्बांना चेव आला. “नाना, तुमच्या थोरलीच्या लग्नाला मंडप कुणाचा व्हता?”

“तुमचाच की. त्या वावटळीत बी हलला न्हाय.”

“ऐकलंस?” अब्बा मला म्हणाले.

तेवढ्यात नानांनी हात वर केला आणि अब्बांनी गाडी थांबवली. चाकापुढे, चाकोरीच्या अगदी काठावरून एक भुरा पक्षी फडफडत उठला. उठेपर्यंत तो नानांशिवाय कुणालाच दिसला नव्हता, मलाही नाही. माझ्या डोळ्यांपुढे माझी ‘मोजकी माणसं’ उभी राहिली. इरफानच्या आत्या, त्यांच्या टाचांच्या चपला, सेल्फी घेत मागे मागे सरकणारे त्याचे मित्र. स्टेज अब्बा आणणार होते, पण पाय तर मीच आणणार होते. परवानगी मिळाली नव्हती हे किती बरं झालं, असं पहिल्यांदाच वाटलं. अर्थात तसं मी बोलले नाही. तत्त्वाची ना.

पण अब्बांनीच विचारलं, आणि आता आवाजात भांडण नव्हतं. “पोरी, मंडप न्हाय, मग मी काय करायचं तुझ्या लग्नात? पाव्हण्यासारखं येऊन बसायचं?”

अम्मी खिडकीबाहेर बघत राहिली. इरफान आपल्या बुटांकडे.

शेवटी नानाच अवघडले. “हे बघा, समारंभ हितं व्हत न्हाय. तसं गाडीत बसून माणसं आपसात काय बोलत्यात, ते आमी कशाला इचारू? आवाज चढला न्हाय म्हंजे झालं.”

त्या वेळी सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

बाहेर आल्यावर बाभळीखाली भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा खाल्ला. जेवण घरून न्या, आणि कचराही घरीच न्या. परत निघालो. तोच रस्ता, तेच ट्रॅक्टर. जंक्शनच्या पुढे अब्बांच्या लक्षात आलं की खुंटी आणि घण बाभळीखालीच राहिले. तरी त्यांनी गाडी वळवली नाही. आपली खुंटी विसरून येणारे अब्बा मी पहिल्यांदाच पाहिले.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला, काय उरलं त्याचा. माळ हवा होता, आता तो माझ्यापासून वाचायलाही हवा होता. मंडप नको होता, पण मंडपवाला हवा होता. मोजकी माणसं म्हणजे किती, हे ठरत नव्हतं. मग दाराशी उभी असलेली क्रूझर दिसली आणि नानांचं ‘गाडीत बसून’ आठवलं. समोरासमोर बाकं आणि वर पत्रा.

वनखात्याच्या साहेबांना पुन्हा फोन केला आणि काही न लपवता सांगितलं. ते म्हणाले, “सफारीच्या नियमांत बसून या. बाकी तुमचं तुम्ही.” मग मी अब्बांच्या गोदामात गेले, मंडपाच्या छताला लावतात ती मोतिया रंगाची चुणीदार झालर उपसून काढली आणि त्यांच्या पुढ्यात टाकली.

“क्रूझरला आतून छत लावा.”

अब्बांनी झालर चाचपली. “ही जुनी हाय,” ते म्हणाले आणि नवी काढायला आत गेले.

गेल्या शुक्रवारी आमचा निकाह झाला. गाडीत मावली तेवढीच माणसं. अब्बा चालवायला, शेजारी नाना, मागे काझीसाहेब, दोघांच्या घरचे आणि साक्षीदार, गुडघ्याला गुडघा लावून. आतून पत्र्याचा कण दिसत नव्हता, चुणीला चुणी जुळवलेली. आयुष्यभर माईकवर बोललेल्या काझीसाहेबांना नाना दर वाक्याला “जरा हळू” म्हणत होते. “कुबूल है” मी इतकं हळू म्हटलं की इरफानच्या आत्यांनी “काय म्हणाली?” असं विचारलं. चिंकाऱ्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. निकाहानंतर वाटायच्या खारकांचा डबा फाटकाबाहेर येईपर्यंत अम्मीच्या मांडीवर बंद होता. बाभळीखाली अब्बांची खुंटी ठोकलेली होती आणि तिला नानांची शेळी बांधलेली.

दावत दुसऱ्या दिवशी बारामतीत झाली. मंडप एवढा मोठा, की कुठल्या टोकाला आपण बसलोय हे पाहुण्यांना फोन करून सांगावं लागत होतं. तिथे मी सिंहासनावर बसले, प्लास्टिकच्या फुलांखाली, आणि एकदाही तोंड उघडलं नाही. तत्त्वाला सुट्टी दिली होती.

क्रूझरची झालर मात्र उतरवायची नाही, असं मी कामगारांना सांगून ठेवलं आहे. आता ते सकाळी बांबू-पाईप घेऊन त्याच छताखाली बसून कामाला जातात.