साडूंचा विमावर्ग

बेंगळुरूत राहून ज्याने माझ्या साडूंचं भाषण ऐकलेलं नाही, तो माणूस एकतर कालच्या गाडीने शहरात उतरलेला असतो, नाहीतर त्याने लांबूनच त्यांची स्कूटर ओळखून रस्ता बदललेला असतो. ती ओळखायला सोपी आहे. मागच्या सीटवर नायलॉनच्या दोरीने बांधलेला पांढरा फळा दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो, आणि चामराजपेटेतल्या अरुंद गल्लीत ती शिरली की समोरची रिक्षा आपणहून भिंतीला चिकटते. फळ्यावर बहुधा आदल्या वर्गातलं एखादं वाक्य पुसायचं राहून गेलेलं असतं. एकदा त्यावर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत ‘तुमच्या मागे कोण?’ असं होतं. मार्केटच्या सिग्नलला त्यांच्या मागे थांबलेल्या बसचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, “मी आहे!” साडूंनी मागे वळून शांतपणे विचारलं, “आणि तुमच्या मागे?” ड्रायव्हरने घरची माणसं सांगितली, सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला आणि मार्केटपासून मागची सगळी वाहतूक अडली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने विमा एजंट. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड शब्द असे येऊन बसतात जसे ओळखीच्या घरात शेजारी. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो तेव्हा पहिल्याच भेटीत ते म्हणाले, “स्वल्प बसा की हो, पुणेकर.” मी स्वल्प बसलो तो सव्वादोन तासांनी उठलो. तेव्हापासून मी त्यांच्या लेखी कायमचा पुणेकर, आणि ते सगळ्यांसारखे माझेही अण्णा. माझी मेहुणीसुद्धा लग्नानंतरच्या तीस वर्षांत ताईची अक्का होऊन गेली आहे.

झालं होतं असं, की त्यांच्या कंपनीने फार पूर्वी एजंटांना एक युक्ती शिकवली. लोकांच्या दारात जाऊन पॉलिसी गळ्यात मारू नका; मोफत शैक्षणिक शिबिर घ्या, चार हिताच्या गोष्टी सांगा, कॉफी पाजा, लोकांचा विश्वास बसला की फॉर्म पुढे करा. बाकीचे एजंट वीस मिनिटं हित सांगायचे आणि तासभर फॉर्म भरून घ्यायचे. साडूंनी या युक्तीचा पहिला भाग इतका मनावर घेतला की दुसऱ्यापर्यंत ते कधी पोचलेच नाहीत. “विमा विकायचा नसतो हो पुणेकर,” ते मला सांगायचे, “शिकवायचा असतो. शिकलेला माणूस आपणच घेतो.” शिकलेला माणूस घ्यायचा हे खरं, पण तोवर अण्णा फळा स्कूटरला बांधून दुसऱ्या हॉलकडे निघालेले असायचे, आणि तो ज्याच्याकडून घ्यायचा तो एजंट वेगळाच असायचा.

वर्ग दोन तासांचा. सुरुवात कन्नडमध्ये, विषय रंगला की मराठीत, आणि कुणाला झापायचं असेल तर इंग्रजीत. हातात मोटारीच्या जुन्या एरियलची छडी. शेवटी चक्क दहा प्रश्नांची लेखी परीक्षा. कॉफी आणि उप्पिट्टाच्या आशेने आलेल्या आजोबांपासून कुणाचीही त्यातून सुटका नसे. नॉमिनी हा मालक असतो का, या प्रश्नाला ‘होय’ लिहिणारा हमखास नापास. नॉमिनीच्या हातात पैसे येतात ते पोचवण्यासाठी, हे साडू पोस्टमनचं उदाहरण देऊन इतक्या वेळा सांगत, की त्यांच्या गल्लीतल्या पोस्टमनकडे लोक थोड्या संशयाने पाहू लागले होते. नापास झालेल्याने पुढच्या वर्गाला परत यायचं असा नियम होता, आणि लोक खरोखर परत येत. येलहंक्याला एकदा क्रिकेटच्या सामन्यामुळे अवघी तीन माणसं आली, त्यातले एक त्या हॉलचेच व्यवस्थापक. दुसरा कुणी असता तर कॉफी पिऊन घरी गेला असता. साडूंनी त्या तिघांचे चर्चेसाठी दोन गट पाडले आणि पुरे दोन तास शिकवलं. व्यवस्थापक एकटेच एका गटात होते. ते स्वतःशीच वाद घालून हरले, असं साडू कौतुकाने सांगतात.

पण वर्गाचा खरा जीव ‘तालमी’त होता. मध्यंतर झालं की साडू सगळ्या नवऱ्यांना उभं करायचे आणि जाहीर करायचे, “आता पंधरा मिनिटं तुम्ही सगळे वारलात. बाहेर व्हरांड्यात जा. कॉफी तिथे मिळेल.” वारलेले लोक हसत हसत बाहेर जाऊन कॉफी पीत, आणि आत साडू एकेका बाईला विचारत, पॉलिसी कुठे आहे, बँकेचं पासबुक कुठे आहे, घराचे कागद कुणाच्या नावावर आहेत. आतलं हसू हळूहळू कमी व्हायचं. एकदा एका निवृत्त मास्तरांच्या पत्नी उत्तर न येऊन गप्प उभ्या राहिल्या, तेव्हा मास्तरांना राहवलं नाही. खिडकीतून तोंड घालून ते ओरडले, “अगं, लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली!” साडूंनी छडी टेबलावर आपटली. “मास्तर, मेलेल्यांनी बोलायचं नाही!” बाई म्हणाल्या, “ते कपाट मी रोज उघडते. तिथे काही नाही.” पुढच्या रविवारी मास्तर खाली मान घालून सांगायला आले, की कागद माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यात सापडले. अक्काला मात्र हा खेळ अभद्र वाटायचा. तालीम सुरू झाली की ती हॉलच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची. वर्षानुवर्षं तिने त्या वर्गांना कॉफी केली, पण समोरच्या खुर्चीवर कधी बसली नाही.

मग एका वर्षी अक्काचा माझ्या बायकोला फोन आला. शाखेतल्या साहेबांनी साडूंना बोलावून घेतलं होतं. वर्षाला ठरावीक पॉलिसी झाल्याच पाहिजेत, नाहीतर एजन्सी बंद. आणि साडूंच्या खात्यात त्या वर्षी दोनच होत्या, त्यातली एक माझी. आम्ही दोघांनी कंबर कसली. बेळ्ळंदूरला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये वर्ग ठेवला, घरोघरी जाऊन सांगितलं, आणि बारा कुटुंबं तर अशी गाठली की जी पॉलिसी घ्यायला जवळपास तयारच होती. साडू आल्याबरोबर मी त्यांना बाजूला घेतलं. “अण्णा, आज फक्त फॉर्म. शिकवणं पुढच्या वर्षी.”

“सरी, सरी,” म्हणत साडूंनी होकाराची मान हलवली.

पहिली दहा मिनिटं सगळं छान चाललं. मग आमच्याच मजल्यावरची एक तरुण आई उठून म्हणाली, “सर, मला माझ्या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने पॉलिसी काढायची आहे.” तिच्या हातात पेनसुद्धा होतं. मी डोळ्यांनी साडूंना फॉर्म दाखवला.

“मुलगा कमावतो?” साडूंनी विचारलं.

“सर, दोन वर्षांचा आहे!”

“मग त्याच्यावर कोण जगतंय? कमावतं कोण?”

“आम्ही दोघं.”

“मग विमा तुमचा दोघांचा काढा की हो! आणि साधा काढा, मुदतीचा. कंपनीच्या साइटवरून थेट घेतलात तर स्वस्त पडेल. मध्ये माझ्यासारखा एजंट कशाला?”

माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. त्यानंतर हात वर होत गेले आणि साडू बाराच्या बारा कुटुंबांना त्यांनी काय घेऊ नये ते समजावत राहिले. परीक्षाही झाली. तिच्यात एका सॉफ्टवेअर कंपनीचे मोठे साहेब नापास झाले आणि आमचे वयस्कर वॉचमन पहिल्या वर्गात आले. फॉर्म एकही भरला गेला नाही. त्यांना घरी सोडायला जाताना गाडीत माझा तोल सुटला. “अण्णा, तुम्हाला धंदा करायचाय की शाळा चालवायचीय?” त्यांनी मांडीवरचे कोरे फॉर्म नीट जुळवले. मग म्हणाले, “ती पोरगी चुकीचं घेत होती हो, पुणेकर. समोर दिसत असताना कसं घेऊ देऊ?” मागच्या सीटवर अक्का हे सगळं ऐकत होती.

वर्ष संपलं आणि एजन्सी गेली. पत्र वाचून साडूंनी “आयतु”, म्हणजे झालं, एवढंच म्हटलं आणि पुढच्या रविवारच्या वर्गाची तयारी करायला घेतली. आता विकायचंच काही नाही म्हटल्यावर मनसोक्त शिकवता येईल, असा त्यांचा हिशेब. पण झालं उलटंच. इतकी वर्षं लोकांना माहीत होतं, की हा एजंट आहे, याला पॉलिसी विकायची आहे, म्हणून फुकट शिकवतो. आता सोसायट्यांचे सेक्रेटरी विचारू लागले, “तुम्ही काहीच विकत नाही? मग यात तुमचा फायदा काय?” ज्याचा स्वार्थ कळत नाही त्याला हॉल द्यायला कुणी तयार होईना. तीन ठिकाणी नकार आले. फळा घरातच भिंतीला टेकून राहिला. मी भेटायला गेलो की साडू माझी विचारपूस करायचे, कॉफी प्यायचे आणि गप्प बसायचे. त्या घरात मला पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

एका सकाळी अक्काने मला फोन करून विचारलं, “एजंट व्हायला परीक्षा लागते ना, ती कॉम्प्युटरवर देतात. फॉर्म भरून देशील?”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी. आणि यांना आत्ताच सांगू नकोस.”

पण सांगावं लागलंच, कारण पुस्तक समोर ठेवून बसलेली अक्का साडूंनी दुसऱ्याच दिवशी पकडली. मग काय, महिनाभर स्वयंपाकघरात शिकवणी. बेळेभातासाठी चिंच कोळता कोळता ती उत्तरं द्यायची आणि साडू दारात उभे राहून चुका काढायचे. त्यांना फारशा सापडल्या नाहीत. कॉफी गाळता गाळता तिने ते वर्ग शब्द न् शब्द ऐकले होते. परीक्षेत तिला साडूंना पूर्वी पडले होते त्याहून जास्त गुण मिळाले. निकालाच्या दिवशी साडूंनी गल्लीभर पेढे वाटले. अक्का मला हळूच म्हणाली, “बोलायला मिळालं नाही की हा माणूस वाळून जातो रे. मला ते बघवेना.”

आता एजन्सी अक्काची आहे आणि चांगली चालते. साडू शिकवतात, अक्का फॉर्म घेऊन शेजारी बसते. चुकीची पॉलिसी तीही देत नाही. पण योग्य ती सांगून झाली की लगेच पेन पुढे करते. मात्र साडूंना तिने चाळीस मिनिटं नेमून दिली आहेत. चाळिसावं मिनिट भरलं की ती घड्याळाकडे बघते, आणि साडू निमूटपणे अर्धं वाक्य तिथेच ठेवून खाली बसतात. लोक तिच्याभोवती जमतात. साडू बाजूच्या खुर्चीवर बसून एरियलची छडी आत-बाहेर करत राहतात.

उरलेला वर्ग ते मला परतीच्या वाटेवर गाडीत देतात. मीच आता त्यांना रविवारी संध्याकाळी घरी सोडतो. आउटर रिंग रोडवर गाड्या तुंबलेल्या असतात, अक्का मागे डुलकी काढत असते आणि साडू पुढे बसून चाळिसाव्या मिनिटापासूनचा भाग सुरू करतात. पूर्वी मी वैतागायचो. आता मोकळी लेन दिसली तरी बदलत नाही. मागच्या रविवारी ते बोलता बोलता मध्येच थांबले. मला वाटलं, दम लागला असेल. तर माझ्याकडे वळून म्हणाले, “पुढचं काय होतं हो, पुणेकर?” इतक्या वर्षांत साडूंना कधी वाक्य आठवावं लागलं नव्हतं. मी समोर बघत पुढचं वाक्य सांगितलं, ते जसं म्हणतात तसंच. क्षणभर ते ऐकत राहिले.

“सरी,” म्हणाले, आणि तिथून पुढे बोलायला लागले.