एक बोलणारा, एक ऐकणारा

सुनंदाच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात घरी रविवारच्या व्याख्यानाची तयारी करत होतो. "काका, मावशी गेली..." मी काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवून समोरच्या कागदांकडे पाहिलं आणि पहिला विचार आला तो हाच, की आता हे सांगायचं कुणाला?

सुनंदा कल्याणजवळच्या मोहने गावातल्या चाळीत वाढली, कल्याणच्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाली. आम्हा ठाणे-कल्याणकडच्या प्राध्यापकांचं नंबर थिअरीचं चर्चासत्र तिनंच सुरू केलं. डोंबिवलीत तिच्या एका विद्यार्थ्याचा क्लास आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी ती खोली आमची. सुरुवातीला बाक पुरत नसत. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी नातवंडांत रमलं, आणि शेवटी आम्ही दोघंच उरलो. "बंद करू या का गं?" मी एकदा विचारलं. पाठदुखीसाठी आणलेली उशी दुसऱ्या बाकावर ठेवत ती म्हणाली, "अरे, एक बोलणारा आणि एक ऐकणारा असला की झाला सेमिनार. चल, उभा राहा फळ्याशी." बसून सांगितलेलं तिला चालायचं नाही.

ऐकणारी मात्र महाकठीण. चार ओळी झाल्या की हात वर. "थांब रे. हे कशावरून?" मी चिडायचो, "अगं, उघड आहे!" "उघड आहे ना? मग सांग." आणि निम्म्या वेळा मला सांगता यायचं नाही. त्या प्रश्नातून पार पडल्याशिवाय माझी एकही सिद्धता मी कुठे छापायला पाठवली नाही. आताची ही, या वयात बहुधा शेवटचीच, तिनं ऐकायची राहिली. बरोबर आहे की चूक, मला कळत नाही. तिच्यावाचून फार एकटं वाटतं.

पुढच्या महिन्यात क्लासवाल्यानं चाचरत विचारलं, "सर, रविवारी रूम... एका बॅचला दिली तर चालेल?" नको म्हटलं आणि गेलो. कपाटातली तिची उशी दुसऱ्या बाकावर ठेवली, फळ्याशी उभा राहिलो. तीन ओळी लिहिल्या, चौथी लिहिली आणि सवयीनं थांबलो. मागून काही आलं नाही... मग मीच मोठ्यानं विचारलं, "हे कशावरून?"

सांगता येईना. खडू ठेवला, हात झटकले आणि उशीशेजारी जाऊन बसलो. ऐकायला मी तयार होतो. फळ्याशी कुणी नव्हतं.