भुयारातले चौघे

जळगावात कोणी जन्मलं, निवडून आलं किंवा वारलं, तर ते घरच्यांच्या खालोखाल नवलला कळायचं. बसस्टँडमागच्या गल्लीत त्याच्या मामांचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर तो साऱ्या गावाचे फोटो कापत बसलेला असे. भावी नगरसेवकांच्या गळ्यात हार घालायचे, त्यांचे गॉगल चकाकवायचे, मागं एखादा वाघ उभा करायचा. चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन तो यावलहून आला तेव्हा चार-सहा महिने मामांना हातभार लावू आणि मग पुण्याला जाऊ, असं ठरलं होतं. मग मामांचं ऑपरेशन निघालं. मग लग्न झालं. मग मामा म्हणाले, आता तूच बघ सगळं. पुणं होतं तिथंच राहिलं आणि नवलच्या कानांवरचे केस पांढरे झाले.

या माणसाला श्वास घ्यायला जागा एकच, रविवारची दुपार. शटर अर्धं ओढायचं, फ्लेक्सचे रोल भिंतीकडे सारायचे आणि टेबलावर 'तापीपार'चा पट पसरायचा.

'तापीपार' हा धुळ्याच्या 'डावपाट' कंपनीचा खेळ. पोरांना सुट्टीत गप्प बसवायला आणतात तसला नव्हे. मोठा कापडी नकाशा, त्यावर गढ्या, घाट, केळीच्या बागा, सातपुड्यातल्या खिंडी. प्रत्येकाची एक लाकडी सोंगटी, म्हणजे त्याचं त्या मुलखातलं माणूस. पुस्तिकेतली गोष्ट एकानं मोठ्यानं वाचायची, अडेल तिथं फासे टाकायचे आणि वाट फुटेल तिथं आपली अक्कल चालवायची. हे सगळं भटूनाना नावाच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकानं घरात बसून काढलेलं. दर दिवाळीला त्यांची नवी गोष्ट यायची. नवल आधी ती वाचायचा आणि मग आंघोळीला जायचा. यावरून घरात दर दिवाळीला एक भांडण ठरलेलं होतं.

टेबलाशी चौघं असत. नवल नावाडी. शेहजाद शिलेदार, एरवी तो गाद्या-रजया भरायचा आणि त्याच्या भुवयांत बारा महिने कापूस असे. वरणगावच्या कारखान्यात कामाला असलेला जीवराम वैदू. चौथी नवलची बायको पुनम, ती चोर. ती आधी नुसता चहा घेऊन यायची. एकदा उभ्या उभ्या म्हणाली, "त्या पहारेकऱ्याला चार केळी द्या ना, उपाशी दिसतोय," आणि गढीचं दार उघडलं. त्या दिवसापासून चहा समोरच्या टपरीवरून यायला लागला.

आणि मग ती वेताळगढीची गोष्ट आली. चौघं गढीखालच्या भुयारात शिरले. शेवटच्या पानावर मागची शिळा धाडकन पडली, पुढं लोखंडी दार, हातात एकच दिवा. खाली लिहिलं होतं, 'पुढील भाग येत्या दिवाळीत.'

ती दिवाळी आली आणि गेली. तिच्यामागून आणखी दोन गेल्या. पुढचा भाग काही आला नाही. आला तो 'तापीपार प्रो'.

नानांचा मुलगा जितेंद्र आता कंपनी बघत होता. नव्या खोक्यात नकाशा नव्हताच, तो फोनवर उघडायचा. लाकडी सोंगट्या जाऊन प्लास्टिकच्या आल्या आणि त्याही बंद पाकिटात. आत कोण निघेल ते नशिबावर. शेहजादनं पाकिटं घेतली तर त्याला तीनदा तोच एक गरुड निघाला. झाकणावर पूर्वी पागोटं बांधलेला म्हातारा नावाडी होता, गालफडं बसलेली, डोळे नदीवर. त्याच्या जागी आता छाती फुगवलेला कोणी वीर दोन तलवारी घेऊन उभा होता. नवलला तो बघताच ओळखीचा वाटला. असले वीर तो दिवसाला चार छापत होता.

तो संतापला, अगदी मनापासून संतापला. ज्या भडकपणातून सुटायला तो इतकी वर्षं या पटाकडे येत होता, तोच भडकपणा त्याच्या मागोमाग पटावर येऊन बसला होता. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं लांबलचक लिहिलं. पुष्कळांनी लिहिलं. उत्तर आलं, 'आपल्या भावनांचा आम्हाला आदर आहे.' दुसऱ्या दिवशी ग्रुपची खिट्टी लागली. आता तिथं फक्त ॲडमिनच बोलणार.

बरं, सोडून द्यावं, तर तेही जमेना. या टेबलाचा एक कायदा होता: आपली माणसं अडकलेली असताना दुसरा डाव मांडायचा नाही. म्हणून दर रविवारी पट पसरायचा, भुयाराच्या काळ्या चौकोनात चार सोंगट्या ठेवायच्या, शेवटचं पान वाचायचं आणि कंपनीच्या नावानं बोटं मोडायची. जीवराम एवढी बस करून यायचा ते एवढ्यासाठी.

"आपणच काढू ना वाट," पुनम एकदा म्हणाली. "दाराला बिजागरी असेलच. मी चोर आहे, उचकटते."

"मनाचं काही करायचं नाही," नवल म्हणाला. "नानांनी वाट काढून ठेवली असणार."

"मग? नाना काय पोलीस पाठवतील?"

"उद्या दुसरा भाग आला आणि त्यात निराळंच असलं म्हणजे? आपण खोट्या वाटेनं बाहेर आलेलो असू."

पुनमनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "खरं सांगू? तुम्हाला बाहेर यायचंच नाहीये," ती म्हणाली. हे ती भुयाराबद्दल बोलतेय की दुकानाबद्दल, हे विचारायची नवलची छाती झाली नाही. त्याला ते लागलं मात्र फार.

मग एक दिवस ग्रुपवर घोषणा झाली: 'जुन्या आवृत्तीला आणि तिच्या सर्व कथांना आम्ही प्रेमपूर्वक कायमचा निरोप देत आहोत.' खाली फुलांची चित्रं. नवलच्या बोटांना विचारायचं होतं, आणि भुयारातल्यांचं काय? पण लिहायला जागाच नव्हती.

"निरोप देतायत ना?" शेहजाद म्हणाला. "मग नीट देऊ यार. तुझं दुकान कशासाठी आहे?"

नवलनं 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची तयार फाइल उघडली. काळी पट्टी, दोन समया, झेंडूचा हार. मधे जुन्या झाकणावरचा नावाडी बसवला. त्याखाली बारीक अक्षरात 'तापीपार, जुनी आवृत्ती' आणि मग 'शोकाकुल: समस्त खेळाडू परिवार, जळगाव'. पुष्कळ दिवसांनी काम करताना त्याला मजा आली. खानदेशात असल्या फ्लेक्सवर दुःख सोडण्याच्या दिवसाची एक ओळ असतेच आणि ती त्या फाइलमध्ये कायमची बसलेली होती: 'गंधमुक्ती रविवारी, राहत्या घरी'. वर्षानुवर्षांच्या सवयीच्या हातानं ती पुसली नाही. डोळ्यांनाही ती खटकली नाही. शेहजाद शनिवारी रात्री धुळ्याला गाद्या पोचवायला गेला तेव्हा त्यानं तो फ्लेक्स 'डावपाट'च्या दारासमोरच्या खांबाला बांधून टाकला.

रविवारी चौघं एस.टी.नं धुळ्याला निघाले. बेत असा होता की कंपनीच्या पायरीवर पट पसरून दुखवट्याला बसायचं आणि जितेंद्रचं तोंड बघायचं. वाटेत हसून हसून जीवरामला ठसका लागला.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं हसू थांबलं. कंपनी नानांच्या घरातच होती. त्या घरासमोर सतरंज्या पसरलेल्या. टोप्या घातलेली, उपरणी घेतलेली माणसं गुडघ्यात माना घालून बसलेली. एका रिक्षातून बायका उतरल्या आणि कोपऱ्यापासूनच पदर तोंडाला लावून रडत निघाल्या. पुढची म्हातारी तर छाती बडवत होती. "मना भाऊ गया वं माय! माले कोनी सांगंबी नही!"

ओट्यावर जितेंद्र घामाघूम होऊन हात जोडत होता. "अहो आत्या, नाना वर आहेत. जेवतायत. खरंच जेवतायत." त्याच्यावर कोणाचाही विश्वास नव्हता. एकजण तर म्हणाला, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, साहजिक आहे.

तेवढ्यात जिना धरत धरत एक म्हातारा खाली आला. डोक्याला पांढरं पागोटं, बसलेली गालफडं, दूर बघणारे डोळे. खांबावरचा नावाडीच दारात उभा होता.

"कसाले रडस, भिकू?" म्हातारा म्हणाला. "मी जित्ता शे ना."

भिकुबाई क्षणभर बघत राहिली, आणि मग आपल्याला उगाच शिरपूरहून रडत आणलं म्हणून भावालाच शिव्या द्यायला लागली.

पळून जाणं सोपं होतं. शेहजादनं नवलची बाही ओढलीही. पण नवल पुढं गेला आणि म्हणाला, "मी केलाय तो फ्लेक्स. मला वाटलं, नुसतं खेळातलं चित्र आहे."

जितेंद्र ओरडेल असं त्याला वाटलं होतं. तो ओरडला नाही, ओट्यावर मटकन बसला. "ते चित्र आजोबांचं आहे," तो म्हणाला. "नाना आता तसेच दिसतात. बाहेर निघत नाहीत, म्हणून फ्लेक्सचा फोटो रातोरात फिरला तसं लोकांनी लगेच खरं मानलं." मग म्हणाला, "तुमचे मेसेज मी वाचायचो. सगळे. पण लाकडी सोंगट्या करून द्यायला माणूस मिळत नाही. पुस्तिका कोण घेतं? तुम्ही चौघं?"

"आम्ही घेतो ना," नवल म्हणाला.

"चौघांवर कंपनी चालत नाही, भाऊ."

इतकी वर्षं ज्याला मनातल्या मनात चारचौघांत उभा करून झापला, तो माणूस असा थकलेला निघावा, याचाही नवलला राग आला.

नानांनी चौघांना वर बोलावलं. खोली लहान होती. टेबलावर 'प्रो'ची खोकी चळत करून ठेवलेली, त्यामुळे लिहायला जागा नव्हती. खिडकीतून समोर नानांना तो फ्लेक्स दिसत होता.

"बठ्ठा लोके उनात," नाना खिडकीतून बघत म्हणाले. "मना सालाबी उना. तो तर मनाशी बोलस नही." सगळे आले, न बोलणारा मेहुणाही आला, म्हणून ते खूश होते, आणि ते बघून पुनमला रडू आलं.

नवलनं वाकून नमस्कार केला. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते निराळंच. "नाना, वेताळगढीच्या भुयारातून बाहेर कसं यायचं?"

नाना खिडकीतून वळले. "तुम्ही अजून तठेच शेत?"

"हो. दुसरा भाग आला नाही ना."

"मी लिखाच नही तो." नानांनी मान हलवली. "पोऱ्या बोलना, नाना, आठेच थांब. लोके दुसरा भाग लेतीन. मी थांबनू. मंग त्यानं बठ्ठंच बदलं. वाट मालेबी माहीत नही, भो."

खालून भिकुबाईचा आवाज येत होता. ती आता सगळ्यांना चहा सांगत होती. नवल जमिनीकडे बघत बसला. ज्या वाटेसाठी त्यानं माणसं अडवून धरली, जीवरामचे रविवार खाल्ले, बायकोचं ऐकलं नाही, ती वाट जगात कुठंच नव्हती. कोणी लपवली नव्हती. कोणी काढलीच नव्हती. त्याला एकदम फार दमल्यासारखं झालं.

जीवरामनं पिशवीतून पट काढला आणि फरशीवर पसरला. पायरीवर बसायला म्हणून आणला होता, इथं कामाला आला. पुनमनं काळ्या चौकोनात चार सोंगट्या ठेवल्या. नानांनी चष्मा पुसून घातला. आपल्याच हातच्या नकाशावरून त्यांनी बोट फिरवलं, तापी ओलांडली आणि ते भुयारापाशी थांबले.

"माले जिना उतरू देतस नही," खोलीत बसून बसून कंटाळलेले नाना हळूच म्हणाले. "आज उतरनू, ते मरी गऊ म्हनीसन. आठे बशी बशी जीव कटाई गया." मग त्यांनी खिडकीतल्या कुंडीमागं हात घातला आणि न रंगवलेली एक जुनी सोंगटी काढली. "तुमना भुयारमा माले जागा शे का?"

शेहजादनं आपला शिलेदार थोडा सरकवला. नानांनी आपलं माणूस चौघांच्या मधे ठेवलं, गुडघे धरत खाली फरशीवर बसले आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"आते सांगा," ते म्हणाले. "दिवामा तेल कितलं शे?"

हे पुस्तिकेत नव्हतं. शेहजाद आणि जीवराम सवयीनं नवलकडे बघायला लागले. पुनम मात्र पटाकडेच बघत होती.

"आहे थोडं," नवल म्हणाला. "पाचजणांत जपून वापरलं तर पुरेल."