ती वळेपर्यंत

शेलूच्या या फ्लॅटमध्ये राहायला येऊन महिना झाला, पण गेमचं ते काळं खोकं आज बाहेर काढलं. चालू केल्यावर त्याच्या पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी थेट भिवपुरीच्या क्वार्टरमधल्या एका दुपारी जाऊन बसलो.

आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ताईच्या हळदीची डीव्हीडी घरात फक्त त्या खोक्यातच लागायची. बाबांना गेममधलं काही कळत नसे, पण एवढं बघायला ते टीव्हीच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसायचे. त्या दुपारी पडद्यावर आई पाठमोरी होती, हळदीची परात उचलत होती.

"बाबा, आटपा ना. माझे मित्र ऑनलाइन थांबलेत."

"जरा थांब रं. आत्ता वळंल ती."

मी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी कंट्रोलर माझ्या हातात दिला. "घे, खेळ तू. ती काय कुठं जात नाय."

त्यानंतर त्यांनी ती डीव्हीडी लावायला कधी सांगितली नाही. मीही विचारलं नाही. यंदा बाबाही गेले.

आज मी डीव्हीडी आत सरकवली. थांबलं होतं तिथूनच पुढे चालू करायचं का, असं पडद्यावर आलं. मी हो केलं. आई वळली, सरळ माझ्याकडे बघून हसली आणि परात घेऊन आत गेली.

रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं म्हणालो, "वळली बघा, बाबा."