चावी काढली तरी चालणारी गाडी

शहाण्णव साली माझ्या टॅक्सीने शहरातल्या लिंबायत भागात भर चौकात माझी फजिती केली. चावी काढून मी खाली उतरलो, तरी इंजिन आपलं ढकढक करत चालूच! "काशीराम, गाडीत भूत बसवलंस का रे?" म्हणून लोक खिदळले. मला मात्र घाम फुटला. बारा वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात काढून कसाबसा त्यातून सुटलो होतो आणि ही जुनी गाडी घेतली होती. ती बसली असती तर मला पुन्हा लूमवर उभं राहावं लागलं असतं.

पर्वत पाटिया भागातल्या एका मेकॅनिकने तर सांगूनच टाकलं, इंजिन गेलं. शेजाऱ्याने म्हटलं, एकदा सुपडू मिस्त्रीला दाखव.

सुपडू आमच्या खानदेशातलाच, माझ्यासारखाच पोटासाठी या शहरात आलेला, पन्नाशीचा. बमरोलीत पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचा. मी मागून दोनदा हाक मारली, पण पठ्ठ्याने मान वळवली नाही. म्हटलं, काय मिजास! त्याची बायको कलाबाई आली, तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली, तेव्हा कुठे स्वारी वळली.

"काय व्हयनं भाऊ?" माझ्या तोंडाकडे एकटक बघत त्याने विचारलं.

मी रडगाणं गायलं. त्याने इंजिन सुरू करायला लावलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं आणि लाकडी मूठ चक्क दातांत धरली. मिस्त्री लोक मूठ कानाला लावतात हे मी पाहिलं होतं, पण दातांत? डोळे मिटून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग विचारतो कसा, आधीचा मालक गाडी जवळच्या जवळच फिरवायचा ना? मी चाटच पडलो. आधीचा शेठ रोज घर ते देऊळ एवढंच जायचा, हे याला कुणी सांगितलं?

इंजिन कधी पुरतं तापलंच नाही, म्हणून आत कार्बन साचला, असं त्याचं म्हणणं. तो कार्बन निखाऱ्यासारखा लाल होतो आणि चावी काढली तरी पेट्रोल पेटवत राहतो. बाकी इंजिन ठणठणीत आहे.

त्याने इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडलं. आत तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट थर! लोखंडाने पिस्टनवर ओरखडे पडतात, म्हणून तो रॉकेल लावून बांबूच्या चपट्या पट्टीने थर खरवडायला लागला. मी मागे उभा राहून विचारत होतो, किती वेळ लागेल, व्हॉल्व्ह पण काढणार का? उत्तर नाही. माझं डोकं फिरलं. "अरे, माणूस बोलतोय इथे!"

"आरडू नका भाऊ," कलाबाई म्हणाली. "यास्ले आयकू येत नही. ईस वरीस लूमवर काढात, कान तठेच गयात."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. बहिऱ्याच्या हाती माझी गाडी! उचलून न्यावी म्हटलं तर हेड उघडं पडलेलं, नेणार कशी? झक मारत बसलो. तेव्हा कुठे उमगलं, मूठ दातांत धरून तो इंजिनचे हादरे जोखत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला चावी दिली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. बंद केली, तर त्याच क्षणी गप्प. मी दोनदा करून पाहिलं. आनंदाने अक्षरशः ओरडलो, आणि सुपडू माझ्या ओठांकडे बघत होता.

गाडी पुन्हा सुरू करायला लावून त्याने हळूच विचारलं, "आते सांग, कसा वाजस?"

"प्रत्येक गिऱ्हाइकले इचारतस," कलाबाई म्हणाली. "लोक 'बरा' म्हणतस नि चालना जातस."

मी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, पण आधी नीट ऐकायचं ठरवलं. बॉनेटला कान लावला. म्हटलं, "मिस्त्री, काहीच वाजत नाही. जवळजवळ काहीच नाही."

सुपडू खुदकन हसला. "मंग तुले बी आयकू येत नही, मले बी नही."

मी चावी काढायला हात पुढे केला, तर त्याने तो धरून ठेवला आणि दुसरा तळवा थरथरत्या बॉनेटवर टेकवला. "राहू दे," म्हणाला, "जराशी चालू राहू दे."