चंद्रावरच्या चाकांचं भाषांतर

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. "तुमचे रशियन मित्र हल्ली का येत नाहीत?" असं मुलाने विचारलं तेव्हा "त्यांना बरं नव्हतं" म्हणून वेळ मारून नेली. आता खरं लिहितो.

दोन हजार सालानंतर काही वर्षं मी उन्हाळ्यात पुण्याहून जर्मनीत कार्ल्सरूहेला मुलाकडे जायचो आणि गणपती आटोपून परतायचो. खालच्या मजल्यावर माझ्याच वयाचा एक रशियन राहायचा. लेकीकडे आलेला, जर्मन जेमतेम. तरुणपणी मी पोलाद कारखान्यात सोविएत अभियंत्यांचा दुभाषा होतो. जिन्यात मी रशियनमध्ये नमस्कार केला, तर त्याच्या हातातली बटाट्यांची पिशवी पडता पडता राहिली.

मग रोज दुपारी अंगणातला बाक आमचा.

"रेडिओ आमचा," तो म्हणायचा.

"छे! आमच्या बंगाली शास्त्रज्ञाचा."

"आणि पहिला उपग्रह?"

"तो तुमचा. घ्या."

"मोठे उदार! चहात दूध ओतणारे लोक तुम्ही."

त्या बाकावर माझी विसरलेली भाषा परत आली, आणि तिच्याबरोबर माझी पंचविशीही. आजही दुपारी चहा घेताना मला तो बाक हवासा वाटतो.

एकदा तो म्हणाला, पृथ्वीवरून चालवलेली त्यांची गाडी चंद्रावर फिरली, तिच्या जाळीदार चाकांवर त्याने काम केलं होतं. मी मान डोलावली. विश्वास ठेवला नाही.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांसाठी विज्ञानाचा कार्यक्रम होता. मी त्याला बोलावलं. तो कोट घालून आला आणि रुमालात बांधलेलं काहीतरी त्याने टेबलावर ठेवलं. तो रशियनमध्ये बोलणार, मी मराठीत सांगणार.

दुभाष्याचा पहिला नियम असा, की समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं. नोकरीत तो मी कधी मोडला नाही.

तो म्हणाला, "त्या चाकांची जाळी मी केली. आम्ही चौघं होतो, त्यातला मी एक."

पहिल्या रांगेत पुण्या-मुंबईचे इंजिनियर बसलेले. उद्या म्हणतील, काकांनी कुठला थापाड्या धरून आणला. मी म्हणालो, "आजोबा सांगतायत, ती चाकं त्यांनी जवळून पाहिली होती."

माझी नात उठली. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मनच. तिने थेट त्याला विचारलं, "आल्झो, म्हणजे तुम्ही नुसती बघितली? मग बनवली कोणी?"

एवढं जर्मन त्याला येत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळून मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "दुसऱ्यांनी."

रुमाल न सोडताच त्याने तो खिशात ठेवला. त्यात काय होतं, मला कधीच कळलं नाही.

त्यानंतर तो बाकावर आला नाही. जिन्यात भेटला की "गुटन टाग" म्हणायचा. माझ्याशी, जर्मनमध्ये! मीही "गुटन टाग" म्हणून वर जायचो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या बेलवर दुसरंच नाव होतं. लेक गाव सोडून गेली होती, आणि तो वारल्याचं शेजारणीने सांगितलं.

त्याचं म्हणणं खरं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. ते ठरवायचं काम माझं नव्हतंच. मधल्या हिवाळ्यात पुण्यात बसून मी त्याला सांगायला रशियनमध्ये चार ओळी लिहून पाठ केल्या होत्या. त्या अशा होत्या: "तुम्ही 'मी' म्हणालात. मी ते म्हणालो नाही. मला तुमची लाज वाटली होती. माफ करा."