टपाल बंद झाल्यावर

लोलंड बेटावरच्या त्या गावात बोडिलने एकतीस वर्षं टपाल वाटलं. वारा असा, की सायकल पुढे जायच्याऐवजी मागे यावी. पण बाई थांबली नाही. तोंडाने फटकळ, आवाज खणखणीत. कुत्री तिला घाबरायची, ती कुत्र्यांना नाही. कोणाचा संसार मोडतोय, कोणाचा मुलगा तुरुंगातून पत्रं लिहितो, सगळं तिला ठाऊक, आणि एक शब्द कधी इकडचा तिकडे केला नाही. कालचं टपाल पेटीत तसंच दिसलं, की ती सरळ दार ठोठावायची. अशीच एकदा एकटी राहणारी म्हातारी कारेन न्हाणीघरात पाय मोडून पडलेली सापडली.

मग पत्रं आटत गेली. सरकारी कागद, दवाखान्याच्या तारखा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं फोनवर यायला लागलं. नाताळानंतर तर पत्रं वाटणंच बंद. बोडिलने लाल जाकीट परत केलं, ऑफिसातल्यांनी केक कापला, आणि घरी येऊन ती चांगली तासभर रडली.

नोकरीचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं एक होतं. आमच्याकडे काम नसताना कोणी कोणाच्या दारात जात नाही. सख्खा भाऊसुद्धा आधी विचारून येतो. हातात पत्र होतं तोवर तिला सव्वाशे दारं उघडी होती. आता रिकाम्या हाताने जाणार कशी?

बीटच्या शेतांपलीकडे, रस्ता संपतो तिथे आस्गर राहायचा. बायको गेलेली, मुलगी दिट्टे दूर ग्रीनलंडमध्ये. तिनेच हौसेने बापाच्या घरात सगळं आपोआप चालणारं बसवून घेतलं होतं. अंधार पडला की दिवे लागत, सकाळी सातला पडदे वर जात, यंत्र कॉफी करी, बागेत गवत कापणारं यंत्र आपलं आपण फिरे, आणि आलेल्या मेसेजला काय लिहायचं तेही घरच सुचवी.

"आता मला कामच उरलं नाही बघ," आस्गर डिसेंबरात तिला म्हणाला होता. "फक्त श्वास घ्यायचा."

"तेवढा तरी नीट घे," बोडिल म्हणाली, आणि दोघंही खो खो हसली.

वसंतात ती त्या रस्त्याने सायकल फिरवायला लागली. दिवे लागलेले, पडदे वर, सगळं ठाकठीक. तरी तिचं मन खात होतं. फेब्रुवारीच्या वादळात सफरचंदाची एक फांदी मोडून हिरवळीवर पडली होती. ती मे संपला तरी तिथेच. गवताचं यंत्र तिला रोज वळसा घालून जाई, त्यामुळे फांदीभोवती गुडघाभर गवत आणि बाकी बाग तासल्यासारखी. आस्गर असला पसारा एक दिवस खपवून घेणारा नव्हता.

तिने ग्रामसभागृह सांभाळणाऱ्या प्रेबेनला गाठलं. हा निवृत्त मास्तर. सगळ्या गावाला अजून वर्गात बसवून ठेवतो.

"अगं, नोकरी सुटली तुझी, खोड नाही सुटली," तो हसला. "थांब, विचारतोच त्याला." त्याने मेसेज पाठवला. मिनिटाच्या आत उत्तर: *मी मजेत आहे. आठवण काढलीत, बरं वाटलं.*

"पटलं?"

बोडिलला लाज वाटली. घरी जाऊन तिने स्वतःही मेसेज केला. लगेच उत्तर आलं, शेवटी हसरा चेहरा. तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याबद्दल तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

जूनमध्ये आस्गरला ऐंशी पूर्ण होणार होती. असल्या वाढदिवसाला आमच्याकडे शेजारी भल्या सकाळी येऊन दारावर फरच्या झाडाच्या फांद्यांची कमान बांधतात, गाणी म्हणतात, आणि घरधन्याने दार उघडून सगळ्यांना पाव आणि कडू दारू द्यायची. आमंत्रणाशिवाय जायचा तेवढाच एक दिवस. प्रेबेनने तरीही आधी विचारलंच. उत्तर आलं: *जरूर या! मजा येईल.*

पंधरा-वीस माणसं जमली. कमान उभी राहिली. सातच्या ठोक्याला पडदे वर गेले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला कुलूप खट्ट वाजून दार आपोआप उघडलं. आतून गोड आवाज आला, "सुप्रभात, आस्गर. आज तुझा ऐंशीवा वाढदिवस."

कोणीच बाहेर आलं नाही. मागचे अजून गातच होते.

"गप्प बसा रे मेल्यांनो!" बोडिल ओरडली आणि आत शिरली.

स्वयंपाकघरात कॉफीचं यंत्र चालू होतं. खाली एक कप, काठोकाठ भरलेला. बिया केव्हाच संपल्या होत्या. नळाला जोडलेलं ते यंत्र नुसतं गरम पाणी ओतत होतं, आणि ते कपातून ओसंडून, ओट्यावरून, जमिनीवरच्या कॉफीच्या जुन्या काळ्या डागावरून वाहत होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं आस्गर रोज फाडायचा. वरचं पान सात जानेवारीचं होतं.

निजायच्या खोलीचं दार बंद होतं. ते तिने उघडलं. आत काय दिसलं ते ती कोणालाही सांगत नाही. एवढंच म्हणते, की तो रस्त्याकडच्या खिडकीखाली, खुर्चीतून घसरलेला होता, पायांत बाहेरचे बूट.

टपाल चालू असतं तर नऊ जानेवारीला, फार तर दहाला, तिने दार ठोठावलं असतं.

बाहेर प्रेबेन पायरीवर बसून आस्गरचे जुने मेसेज वाचत होता. दिट्टेला कळवायची कोणाची छाती होईना. शेवटी बोडिलनेच फोन लावला.

"दिट्टे, पोरी, धीर धर. तुझे बाबा गेले गं."

"काहीतरीच काय, बोडिलमावशी! आत्ता मेसेज आला त्यांचा."

"काय लिहिलंय?"

"*सगळे आलेत. गाणं फार छान झालं.*"

तिने तारीख सांगितली. कॅलेंडरचं सांगितलं.

"मी रोज रात्री त्यांना सगळं लिहायचे," दिट्टे म्हणाली. "माझं बाळ पोटातच दगावलं तेव्हासुद्धा. त्यांनी इतकं मायेने उत्तर दिलं... मावशी, मग पाच महिने मी कोणाशी बोलत होते?"

"आम्हीही त्या घराशीच बोलत होतो, बाळा," बोडिल म्हणाली.